मागचे भाऊ

आमच्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत एक तरी किस्सा घडतोच, आणि उपास सोडायला खिचडी ताटात पडेपर्यंत त्या एकाचे तीन झालेले असतात. सांगणारे बहुतेक पुढं बसलेले. मी मात्र मागं असतो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली की काही माणसं मागच्या मागं कोसळतात, त्यांना झेलायचं काम माझं. या कामाला आमच्याकडं नाव नाही, म्हणून सगळे मला ‘मागचे भाऊ’ म्हणतात. लोकांना माणसं चेहऱ्यावरून आठवतात, मला पाठीवरून!

पोटापाण्याला मी नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी. आधी तिथंच हमाल होतो, आणि हमाल व्हायच्या आधीपासून बेवडा. दारू सुटली ती आमची प्रार्थना भरते त्या पत्र्याच्या शेडमध्ये. कशी सुटली हे विचाराल तर मला एवढंच सांगता येतं, की देवानं सोडवली आणि रूथबाईंनी माझा पिच्छा सोडला नाही.

रूथबाई आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रमुख. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झाल्यावर पूर्णवेळ हेच काम. दुष्टात्म्यालाही त्या वॉर्डबॉयला दटावल्यासारखं दटावतात.

*

माझ्याआधी मागं बालाजी उभा राहायचा. बालाजी शिंपी, आमचा काडी पैलवान. एका शुक्रवारी हदगावचे एक मास्तर आले. चांगले भारदस्त, खुर्चीत बसले की खुर्ची दिसायची नाही. बरीच वर्षं त्यांच्या मनात कसली तरी भीती घर करून होती. बाईंनी कपाळाला तेल लावलं, आवाज चढवला, आणि मास्तर जे कोसळले ते थेट बालाजीवर.

मास्तर रडायला लागले, मग हसायला लागले, मग "सुटलो, सुटलो" म्हणू लागले. मंडळी उठून टाळ्या वाजवायला लागली. एक आख्खं गाणं झालं, कडव्यांसकट. गाणं संपलं तसा मास्तरांच्या खालून बारीक आवाज आला, "बाई, आता मलाबी सोडवा की."

पुढच्या शुक्रवारपासून बालाजी ढोलकीवर आणि मागं मी. भरलेली पोती झेलणारा माणूस, यापलीकडं माझी लायकी काय होती? पण देवानं माझ्या पाठीचाही उपयोग करून घेतला याचं मला अजून नवल वाटतं.

*

बाईंची एक रीत आहे. कुणीही येवो, ओरडत येवो, घुमत येवो, त्या आधी चार प्रश्न विचारतात. जेवलात का? झोप लागते का? कसली गोळी चालू आहे का? आणि घरात कुणाशी अबोला आहे का? या चारांची उत्तरं मिळाल्याशिवाय तेलाची बाटली उघडत नाही. आमच्यातल्या काही उत्साही भावांना हे पटत नाही. सैतान समोर उभा असताना जेवणखाण काय विचारायचं!

तर उमरीचा एक गडी आला. थरथर कापत होता, घामानं शर्ट ओला, तोंडानं काहीबाही बरळत होता. दोघा भावांनी लगेच त्याला धरलं आणि "तुझं नाव सांग, कुठून आलास सांग" असा आत्म्याचा पंचनामा सुरू केला. बाईंनी दोघांना बाजूला सारलं आणि त्याच्या बायकोला विचारलं. कळलं की गड्याला शुगर आहे, सकाळी गोळी घेतलीय, आणि प्रार्थनेला जायचं म्हणून कालपासून पोटात अन्नाचा कण नाही.

बाईंनी त्याला गुळाचं पाणी पाजलं. थोड्या वेळात गडी उठून बसला आणि आपल्या चपला कुठं आहेत म्हणून विचारायला लागला. धरणारे दोघं भाऊ जरा हिरमुसले. बाई त्यांना म्हणाल्या, "आधी साखर, मग सैतान. हा क्रम चुकवायचा नाही."

त्या दिवसापासून तेलाच्या बाटलीशेजारी गुळाचा डबा असतो. डबा जास्त लवकर संपतो.

*

एकदा बाहेरून एक मोठे प्रचारक आले होते. कोट, टाय, हातात माईक. त्यांना सवय अशी, की प्रार्थना करताना समोर बोट रोखायचं आणि गरजायचं, "बाहेर नीघ! आत्ताच्या आत्ता बाहेर नीघ!"

बोटाच्या रेषेत उदगीरकडच्या एक लिंगायत आजी बसल्या होत्या. शेजारणीबरोबर पहिल्यांदाच आलेल्या, गळ्यात लिंग, हातात पिशवी. दोनदा त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा उठल्या, पदर सारखा केला, चपला घातल्या आणि चालायला लागल्या. प्रचारक आपले डोळे मिटून गरजतच होते.

रूथबाई आणि मी धावत रस्त्यापर्यंत गेलो. आजींना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. म्हणाल्या, "बापा, देवाच्या दारातून मला आजवर कुणी हाकललं न्हवतं." बाईंनी भररस्त्यात त्यांचे हात धरून माफी मागितली. मग टपरीवर चहा झाला आणि आजी परत आल्या. येऊन एकदम पहिल्या रांगेत बसल्या, मांडी घालून, आणि प्रचारकांकडं बघत म्हणाल्या, "हं, आता काढून दाखवा."

आजी अजून येतात. लिंग गळ्यातच आहे आणि जागाही तीच आहे. बाईंनी त्यांना दोन्ही बाबतीत कधी काही म्हटलं नाही.

*

आता माझ्या घरातलं सांगतो. कमल माझी धाकटी बहीण, लातूरजवळच्या मुरुडला दिलेली. पहिली मुलगी सोनी, दुसरं बाळ जन्मताच गेलं. त्यानंतर कमलची झोप उडाली. रिकाम्या पाळण्याशी बोलायची, मधेच हसायची, मधेच उठून अंगणात जाऊन उभी राहायची. त्याच दिवसांत त्यांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. झालं! भानामती म्हणून गावभर झालं. दोन-तीन बुवा झाले, अंगारे-धुपारे झाले, एकानं तर केस धरून मारलं. शेवटी तिच्या सासूबाईंनी तिला माझ्या दारात आणून सोडलं. सोनीला ठेवून घेतलं. म्हणाल्या, "भूत गेलं की सांगा, घेऊन जाऊ. तवर पोरीच्या जवळ न्हाई येऊ द्यायची."

कमलला त्यांच्याशी भांडायचीही ताकद नव्हती. तिला फक्त आपली पोर पाहिजे होती. तिला घेऊन मी शुक्रवारी शेडमध्ये गेलो. इतकी वर्षं परक्यांच्या पाठीमागं उभा राहिलो होतो, पण सख्ख्या बहिणीच्या पाठीमागं उभं राहताना मी तळहात दोनदा शर्टाला पुसले.

बाईंनी चार प्रश्न विचारले. झोपेच्या प्रश्नाला कमल म्हणाली, "चार महिने झाले." बाईंनी त्या दिवशी प्रार्थना केली, आणि सोमवारी स्वतः तिला डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या. मला म्हणाल्या, "देवाला दोन हात आहेत. एकच कशाला धरायचा?" गोळ्या सुरू झाल्या, शुक्रवारही सुरू राहिले.

पण कमल काही पडेना. प्रत्येक शुक्रवारी बाईंनी हात ठेवावा, मी मागं हात पसरून उभं राहावं, आणि ही खांबासारखी ताठ. लोक कुजबुजायला लागले, आत्मा लई चिवट हाय म्हणून. मीही घाबरलो. एकदा घरी जाताना तिला हळूच म्हटलं, की बाई, जरा सैल सोडून बघ अंग. ती म्हणाली, "दादा, मी पडाया कुठं येती? झोप लागावी म्हणून येती."

आणि एका शुक्रवारी लागली की! बाईंची लांबलचक प्रार्थना चालू होती, बालाजीची ढोलकी कडकडत होती, आणि कमल सतरंजीवर एका अंगावर कलंडली. एक भाऊ "पडली, पडली" म्हणून धावला. बाईंनी वाकून बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. कमल घोरत होती.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. गाणं थांबलं. सगळ्या मंडळीनं ओठ न हलवता प्रार्थना पूर्ण केली. खिचडी बाहेर झाडाखाली वाढली, आणि वाढपी पातेल्याला डाव लागू देत नव्हते. बालाजीनं ढोलकी तान्ह्या लेकरासारखी उचलून बाहेर नेली. उन्हं कलली तरी सगळे बसून होते, कुणी घरी जाईना. कमल उठली, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "प्रार्थना झाली का?"

मी बाहेर जाऊन भिंतीला तोंड करून रडलो. त्या बसून राहिलेल्या माणसांचे उपकार माझ्या कातड्याचे जोडे केले तरी फिटायचे नाहीत.

*

कमल सुधारली. हसायची ती आता हसण्याजोगं काही झालं की. मी मुरुडला निरोप धाडला. तिकडून उत्तर आलं, तोंडी चालणार नाही, भूत निघाल्याचा दाखला पाहिजे! सासूबाईंचं म्हणणं, उद्या काही झालं तर गावाला काय दाखवायचं?

बाईंनी असला दाखला जन्मात लिहिला नव्हता. चष्मा लावून बराच वेळ कागदापुढं बसल्या. शेवटी एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली: ‘कमलबाई यांना तपासले. माणूस आहे.’

कमलचा नवरा, आमचे दाजी, तो कागद घेऊन गेले आणि आठ दिवसांनी परत घेऊन आले. मान खाली घालून म्हणाले, "आई म्हणती, यावर शिक्का न्हाई."

कमलनं तो कागद घडी करून ठेवून दिला. त्या दिवशी ती जेवली नाही. सोनीला शेवटचं बघून वर्ष होत आलं होतं.

*

घरात बसून काय करायचं म्हणून बाईंनी तिला कामाला लावलं. बायांच्या मागं बाईच उभी पाहिजे, आणि आमच्याकडं तशी धडाची कुणी नव्हती. मी तिला शिकवायला गेलो, पाय कसे रोवायचे, काखेत हात कसे घालायचे. पहिल्याच दिवशी तिनं माझं काम बघून नाक मुरडलं. "दादा, तू पोतं उतरवल्यावानी करून राहिला. माणूस हाय ते."

खरं सांगतो, तिच्यामुळं मी झेलायला शिकलो. ती बाईला खाली निजवते, पदर सारखा करते, आणि ती डोळे उघडेपर्यंत तिथंच बसून राहते. शुद्धीवर आल्यावर पहिला चेहरा आपल्याकडं बघणारा असावा, असं तिचं म्हणणं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या वाट्याला ते आलं नव्हतं, एवढंच.

*

गेल्या हिवाळ्यातला शुक्रवार. बायांची रांग मोठी होती. मी पुरुषांच्या बाजूला, त्यामुळं मला रांगेतल्या पाठीच दिसत होत्या. सतरंजीच्या कडेला एक सहा-सात वर्षांची पोर दोन वेण्या घालून बसली होती. तिनं मान वळवली. सोनी होती.

म्हणजे रांगेत पुढं डोक्यावरून पदर घेऊन उभी होती ती कमलची सासू. नंतर कळलं, दिवाळीपासून त्यांच्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं, श्वास कोंडायचा. गाव आता त्यांच्याकडं बोट दाखवायला लागलं होतं. बुवा कसे असतात ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं, म्हणून इथं आल्या. पोरीला ठेवायला कुणी नव्हतं, तिला बरोबर आणलं. त्यांचं लक्ष समोर बाईंकडं होतं. आपल्या मागं कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

मी पाहत होतो. कमलचे हात पसरलेले होते आणि मान पोरीकडं वळलेली. मला वाटलं, ती आता पोरीकडं धावेल, नाहीतर तोंड फिरवून बाहेर जाईल. तिनं काहीही केलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

बाईंनी ओळखलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी नेहमीसारखे प्रश्न विचारले. जेवण? दोन घास. झोप? न्हाई. गोळी? बीपीची हाय.

"घरात कुणाशी अबोला?"

सासूबाईंनी पदर आणखी पुढं ओढला. मग म्हणाल्या, "सुनेसंग." बाईंनी तेलाची बाटली उघडली नाही. तशा सासूबाई खाली बघत पुढं बोलल्या, "तिला काय बी झालं न्हवतं. लेकरू गेलं होतं तिचं. म्या भूत म्हणले. मीच आधी म्हणले, मग गाव म्हणलं. आता कोणत्या तोंडानं आणू?"

बालाजीचा हात ढोलकीवर थांबला. बाईंनी बोटाला तेल घेतलं आणि हात वर केला.

तेवढ्यात मागून कमल बोलली. आवाज अगदी रोजचा, चुलीपुढं बसून बोलावं तसा.

"आत्याबाई, मी हाय मागं. पडा खुशाल."

बाईंचा हात अजून वरच होता, कपाळाला लागलाही नव्हता, आणि सासूबाई कोसळल्या. कमलनं त्यांना धरलं, पण तोल जाऊन तीही त्यांच्यासकट खाली बसली. सोनी तिकडून पळत आली आणि आईच्या गळ्यात पडली, सगळा भार टाकून. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला पोर.

मी रांग ओलांडून मदतीला धावलो. कमलनं मान वर केली आणि मला तिथंच थांबवलं.

"राहू दे दादा. पेलतंय मला."