गिरणेच्या पाण्यातली केळफुलं

भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठावर, एक आबा होते, एक म्हातारी होती, त्यांचा दीपक नावाचा मुलगा होता, सुनंदा नावाची सून होती, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली पिंकी नावाची नात होती. म्हातारी म्हणजे मी. खायला-प्यायला काही कमी नव्हतं, पण ते तिघं सुरतेला आणि आम्ही दोघं इथं. घरात बोलायला भिंती!

मग एक दिवस दीपक कापडाची मिल सोडून बायकोपोरीसकट घरी आला. टेम्पोतून उतरवल्या लालभडक, टोकदार होड्या. कयाक म्हणतात त्यांना. गावानं एकदा पाहिलं आणि नाव ठेवलं, केळफूल!

सुरतेत असताना सुटीच्या दिवशी तापीवर जाऊन हा ते शिकला होता. नुसती होडी चालवायला नाही, वाहत्या पाण्यातून माणूस कसा काढायचा, तेही. आता त्याचं शिबिर आमच्याच वावरात भरवायचं म्हणाला. आबांनी ऐकून घेतलं आणि अट घातली, "हाई वावर मन्हं शे. एक बी मानूस पानीमा गया, तं त्याच दिन होड्या इकी टाका आनि सुरतले निंघी जा!"

म्हणजे नदीनं एक माणूस नेला, की माझी पिंकीही गेली. तेव्हापासून मी शिबिराच्या भाकरी थापते आणि काठावर जीव मुठीत धरून उभी राहते. पूर ओसरला की काठाला गाळ साचतो ना, तसे किस्से साचलेत. कुठूनही ओंजळ भरा!

* * *

सुनंदा सोनगीरची. तिच्या माहेरी किल्ला मोठा आणि पाणी विहिरीच्या तळाला! पोहायला शिकली तीच मुळी लग्नानंतर. दीपकनं तिला पहिला धडा दिला, "होडी उलटली तर घाबरायचं नाही. पाण्याखालूनच दोन्ही हात वर काढायचे आणि होडीच्या पोटावर ठोकायचं. मी माझी होडी जवळ आणतो. तिचं टोक धरायचं आणि वर यायचं."

ऐकायला बरं वाटतं हो. पण डोळ्यांदेखत होडी उलटली! सुनंदा नाही, तिचं डोकं नाही, काही नाही. नुसतं लाल पोट वर. आणि त्याच्या दोन बाजूंनी दोन हात आले आणि ठोकायला लागले. ठक ठक! ठक ठक!

दीपक वल्हं मारत निघाला, पण धारेनं त्याला बाजूला ढकललं. तो फिरून परत येईपर्यंत ठोकणं मंद झालं. मला काही सुचेना. तो आवाज ऐकून मी एकच ओरडत सुटले, "दार उघडा रे! कोनी तरी दार उघडा!"

दीपकच्या होडीचं टोक तिच्या हाताला लागलं. तिनं ते घट्ट धरलं, कंबरेला हिसका दिला, आणि आली वर! नाकातोंडातून पाणी, डोळे लाल. माझ्याकडे बघून काय म्हणावं?

"माय, कडी आतूनच लावलेली होती!"

* * *

भडगावचे जलीलभाई शिंपी. दोर भरायच्या पिशव्या त्यांनीच शिवून दिल्या. पिशवीत लांब दोर भरलेला असतो. दोराचं एक टोक आपल्या हातात ठेवायचं आणि पिशवी बुडणाऱ्याकडे फेकायची. उडत जाता जाता दोर आपोआप सुटत जातो. जलीलभाईंना त्या पिशव्यांचा एवढा अभिमान, की शिबिर असलं की दुकान भाच्यावर टाकून काठावर हजर!

एकदा जळगावहून, पिंप्राळ्याच्या एका शाळेचे मास्तर लोक आले. एकानं तरंगायचं जॅकेट घालून मुद्दाम वाहत यायचं आणि काठावरच्या पाटील सरांनी पिशवी फेकायची, असं ठरलं. वाहत यायला त्यांच्यातले ड्रॉइंगचे सर निघाले. धार जोरात. खाली बंधारा, आणि बंधाऱ्याजवळ कुणी जायचं नाही हा पहिला नियम.

ड्रॉइंगचे सर आले समोर. दीपक ओरडला, "फेका!" पाटील सरांनी हात मागे नेला, सगळा जीव एकवटून फेकली. काय फेक होती! थेट छातीवर! पण पिशवी गेली आणि तिच्यामागे दोराचं टोकही गेलं. सगळाच दोर नदीत!

"सर, दुम तो पकडो!" जलीलभाईंनी कपाळावर हात मारला, दुसरी पिशवी उचलली आणि काट्याकुट्यातून काठानं पळत सुटले. बंधाऱ्याचा आवाज आता माझ्याही कानात शिरला होता. पिंकीचं दप्तर, चपला, सगळं सुरतेच्या गाडीत चढलेलं मला दिसत होतं!

आणि नदीच्या मध्यावरून ड्रॉइंगचे सर दोन्ही हातांनी पिशवी उंच धरून आनंदानं ओरडत होते, "पाटील सर, मिळाली! ओढा आता!"

जलीलभाईंनी फेकलेला दोर त्यांच्या डोक्यावर पडला म्हणून निभावलं. बाहेर आले तरी पहिली पिशवी सोडायला तयार नव्हते.

* * *

त्या बंधाऱ्याचं सांगते. सुनंदाचा भाऊ गोटू पाहुणा म्हणून आला. अंगात मस्ती. बंधाऱ्यावरून पाणी कसं, काचेसारखं गुळगुळीत उतरतं. खाली थोडा पांढरा फेस. गोटू म्हणाला, "ही तं घसरगुंडी शे ताई! केळफूल दे, मी उतरी दाखाडस!"

सुनंदा वावरातून कापलेल्या केळीचा एक खांब खांद्यावर घेऊन आली आणि बंधाऱ्याच्या वर पाण्यात सोडला. खांब छान वाहत गेला, बंधाऱ्यावरून घसरला, खाली पडला. गोटूनं टाळी वाजवली. खांब बुडाला, वर आला, पुढे जाण्याऐवजी मागे भिंतीकडे ओढला गेला. परत बुडाला. परत वर. परत मागे. पाणी त्याला सोडेचना! आम्ही बघत उभे. त्याची सालपटं निघायला लागली. शेवटी आतला पांढरा गाभा दिसला, तरी तो फिरतोच आहे!

गोटूनं हळूच जॅकेटची क्लिप काढली.

"ताई, चहा टाकस का?"

* * *

गावातल्या निंबाचं पारडू पावसाळ्यात नदीच्या मधल्या उंचवट्यावर अडकलं. निंबा काय करणार? आपल्याकडे विहिरीत माणूस उतरतो तसं केलं! कंबरेला दोर, पक्की गाठ, दुसरं टोक काठावरच्या पाच-सहा गड्यांच्या हातात. उतरला.

विहिरीत पाणी उभं असतं हो. नदी वाहते! निंबाचा पाय सुटला, गड्यांनी दोर ताणला, आणि ताणल्याबरोबर नदीनं त्याला खाली दाबलं. जेवढं ओढावं तेवढा आत!

दीपक वावरातून ओरडत आला, "सोडा! दोर सोडा!"

कोण सोडेल? जन्मभर शिकलेलं की दोर सुटला की माणूस गेला. "सोडू नका रे, घट्ट धरा!" म्हणत ते आणखी ओढताहेत, आणि निंबाचं डोकं दिसेनासं झालेलं. एका गड्यानं तर दीपकला लाथ मारली!

तेवढ्यात सुनंदा मागून वाकून आली, जॅकेटवरचा चाकू काढला आणि ताणलेला दोर कापला. गडी एकमेकांवर पडले. एकच ओरड! "मारी टाकं! निंबाले मारी टाकं वं तू!" आबा माझ्याशेजारी खाली बसले. माझ्याकडे पाहिलंही नाही त्यांनी.

आणि खालच्या वळणावर, संथ पाण्यात, निंबा खोकत वर आला! दीपकनं होडी घालून त्याला काठाला लावला. सगळे धावले. निंबानं डोळे उघडले, कंबरेला उरलेला तुकडा पाहिला, आणि रडायलाच लागला.

"नवा दोर व्हता ना रे भो!"

पारडू पाणी ओसरल्यावर आपलं आपण चालत घरी आलं.

* * *

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत विसर्जन. कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन बाया नदीत उतरतात. त्या वर्षी पाणी जास्त होतं. दीपकच्या शिबिरातली पोरं होड्या घेऊन खाली उभीच होती.

गल्लीतल्या द्वारकाकाकू पाट घेऊन पुढे गेल्या आणि वाळू सरकली. गेल्या वाहत! पण बाई अशी, की गळ्यापर्यंत पाणी आलं तरी दोन्ही हात वर आणि हातात पाट. सुनंदानं पिशवी फेकली. दोर काकूंच्या नाकासमोरून गेला. धरायला हात कुठे?

"काकू, पाट सोडा! दोर धरा!"

"कानबाईले सोडू? मरी जासू, पन सोडाव नही!"

दोर ओढून परत फेकायचा तर वेळ लागतो. काकू हनुवटीपर्यंत बुडाल्या. पाट मात्र कोरडा! शिकवलेलं सगळं संपलं बघा तिथं. बुडणाऱ्याच्या हातात देव असला तर काय करायचं, ते सुरतेच्या कोर्समध्ये नव्हतं!

सुनंदानं केळफूल पाण्यात ढकललं, तिरकी धार कापत गेली आणि ओरडली, "काकू, कानबाईले मन्हाकडे द्या! आधी ती, मंग तुम्ही!"

काकूंनी लगेच पाट दिला. सुनंदानं तो मांडीवर घेतला, आणि काकूंनी मोकळ्या हातांनी होडीची कड धरली. काठाला लागल्या. बायांनी काकूंना पोटाशी धरलं, तर त्या सगळ्यांना ढकलून विचारतात कशा, "तिले सर्दी तं नही व्हयनी?"

* * *

आणि हा आमच्या घरचा.

उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडतात. त्या दिवशी ते सांगितल्यापेक्षा लवकर आलं. दीपक जळगावला हेल्मेटं आणायला गेलेला. आबांची पाणी उपसायची मोटर नदीच्या खड्ड्यात. ती भिजली तर केळी कशी जगायची? आबा धोतर खोचून उतरले. सुनंदा काठावरून विनवतेय, "आबा, राहू द्या मोटर, वर या!" तेवढ्यात पाणी आलं. आवाज नाही, काही नाही. काटक्या, पाला, फेस, आणि मागून नदी!

आबांनी मोटर सोडली, पण उशीर झाला होता. लहानपणापासून पोहणारा माणूस, पण धोतर पायांत गुंडाळलं. डोळे घट्ट मिटून धारेशी झुंजायला लागले. खाली वळणावर बाभूळ आडवी पडलेली. तिच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

सुनंदा आणि जलीलभाई पिशव्या घेऊन काठानं पळत होते. "आबा! आबा! इकडे बघा!" पण आबा बघतील तर! दोर जवळ पडून वाहून गेला. गावात प्रत्येक म्हातारा म्हणजे आबाच. त्या गोंगाटात आपल्यालाच हाक आहे, हे कळावं कसं?

सुनंदा धापा टाकत माझ्याकडे वळली. "माय, नावानं हाक मारा! घाबरलेल्या माणसाला फक्त स्वतःचं नाव ऐकू येतं! मारा ना!" सासऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघेना. आणि माझ्या? लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पुढे सगळा जन्म 'अहो', 'दीपकचे बाबा' आणि 'पिंकीचे आजोबा'. बाभूळ जवळ आली. मी तोंड उघडलं, आवाज फुटेना. परत उघडलं.

"सुपडूऽऽ! ए सुपडू!"

आबांनी डोळे उघडले! मान वळवली, सरळ माझ्याकडे. त्याच क्षणी सुनंदाचा दोर त्यांच्या खांद्यावर पडला.

काठावर आणून पालथं केलं, पाणी काढलं. अट सगळ्यांनाच ठाऊक होती. संध्याकाळी दीपक आला तो पांढराफटक पडून. आबा खाटेवर बसले होते. म्हणाले, "होड्या इकू नको. आजून एक आन. मन्हासाठे."

तोवर राखून ठेवलेली सुरतेची खोली सोडली. पिंकीचं नाव कायमचं भडगावच्या शाळेत घातलं. आता काठावरची गावं स्वतःहून पोरं पाठवतात, दीपक आणि सुनंदा दोघंही शिकवतात, आणि आमचं घर भरलेलं आहे.

शिबिरात बुडणारा माणूस म्हणून आता आबाच उतरतात. जॅकेट घालून, डोळे मिटून, मजेत वाहत येतात. पोरं काठावरून घसा फोडून हाका मारतात. नावानं मारतात, आडनावानं मारतात, शिट्ट्या फुंकतात. आबा डोळे उघडत नाहीत. मग कोणीतरी पळत चुलीपाशी येतं, "माय, चला लवकर!" आणि मी पिठाचे हात घेऊन काठावर जाते.