मुठीचा बिबट्या

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कॉलेजातली सहा मुलं तुंगारेश्वरच्या जंगलात प्राण्यांच्या पाहणीला गेली. सहावा मी. नंदाखाल गावातल्या केळीच्या वाडीत वाढलेला, त्यामुळे जंगलाबद्दल आत्मविश्वास दांडगा आणि माहिती शून्य. चार दिवसांत बाकीच्यांच्या वह्या भरल्या. माझ्या वहीत एक माकड, तेही दुसऱ्याने दाखवलेलं.

पाचव्या सकाळी डोहाकाठच्या चिखलात मी मूठ दाबली, वर चार बोटांची टोकं टेकवली. बिबट्याचं पाऊल तयार! त्यात प्लास्टर ओतलं, साचा काढला, सोबत आलेल्या सरांपुढे ठेवला. सर इतके खूश झाले की खरं सांगायची वेळ निघूनच गेली.

वाट दाखवणारे मामा तिथल्याच पाड्यावरचे. त्यांनी साचा उलटसुलट केला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि साचा परत ठेवून दिला. मला वाटलं, सुटलो.

दोन दिवसांनी मामांची बायको, मामी, दिसल्या. भर उन्हात, दुखरा गुडघा धरत, लांबच्या विहिरीवरून हंडा आणत होत्या.

"मामी, डोह तर इथेच आहे."

"तिथं वाघ हाय ना! तूच तर त्याचा पाय आनलास."

सगळं कबूल केलं, मूठ दाबून दाखवली. मामी पदर तोंडाला लावून हसल्या. "लबाडा!" आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा विहिरीच्याच वाटेला लागल्या.

"अहो, खोटा होता तो!"

"तू खोटा केलास. पन मी त्याला पानी पिताना ऐकलाय."

मी मामांकडे धावलो. ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं तिला. ऐकत नाय. तू आनलास, आता तूच हाकल."

सरांपुढेही कबुली दिली. त्यांनी साचा फोडला आणि मला पाहणीतून काढलं. उरलं एकच काम: मामींच्या पुढे डोहापर्यंत चालायचं. पहिल्या दिवशी मामी महत्प्रयासाने आल्या.

"कारवीच्या झुडपांकडं पाठ करू नको हां, पोरा."

केली नाही. तिथे काही नाही, हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्या काळोख्या झुडपांवरून नजर हटेना. मग झुडपांपलीकडून पाण्याचा आवाज आला. लप, लप, लप. सावकाश.

हंडा अर्धाच भरला होता. मामी हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

"भरा, मामी," मी म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता.

त्यांनी हंडा पुन्हा पाण्यात कलता केला.