अनलिमिटेड प्लॅन आणि बेचाळीस नंबर

"क्रमांक बेचाळीस," जाधव सरांनी माइकवर पुकारलं आणि शहापूरच्या त्या हॉलमधल्या चारेकशे लोकांनी एकदम मोबाइल काढले. दुसऱ्याच क्षणी माझ्या लॅपटॉपवर पांढरं पान आलं: रिसोर्स लिमिट रीच्ड. म्हणजे साइट बंद पडली.

मी वाशिंदला वेबसाइट बनवते. आमच्या बौद्ध समाजाच्या वधू-वर मेळाव्याची साइट मीच केली होती. दरवर्षी कमिटी परिचय-पुस्तिका छापायची. यंदा मीच कमिटीच्या जाधव सरांना म्हटलं, "पुस्तिका कशाला? अनलिमिटेड होस्टिंग घेतलंय. कितीही फोटो टाका, कितीही जण बघा." होस्टिंग म्हणजे आपली साइट ठेवायला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, भाड्याने घेतलेली जागा. घरी बसून मी ती दहादा तपासली होती. पण एकटीने. सकाळी लोक तुरळक होते तोवर ती चाललीही; जेवणानंतर हॉल भरला.

स्टेजवर बेचाळीस नंबरची प्रतिभा उभी होती. मुरबाडकडची, कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स. मोठ्या मुश्किलीने एक रविवार सुट्टी मिळवून आलेली. समोर लोक मोबाइलवर बोटं घासत होते, तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

"हिला शेवटी घेऊ," जाधव सर म्हणाले.

तिचे वडील पहिल्या रांगेतून उठले. "शेवटी कोण थांबतंय, सर? साडेचारच्या यष्टीला निम्मा हॉल रिकामा होईल. मंग आमी काय खुर्च्यांना मुलगी दाखवायची?"

मी होस्टिंगवाल्यांना फोन लावला. पलीकडची बाई शांत होती. "मॅडम, जागा अनलिमिटेड आहे, डेटा अनलिमिटेड आहे. पण सर्व्हर एका वेळी वीसच जणांना पान तयार करून देतो. अटींमध्ये लिहिलंय."

"मोठा प्लॅन घेतला तर?"

"चालू व्हायला चार तास."

अटी मी वाचल्या नव्हत्या. खोटं कशाला सांगू?

उपाय एकच होता. माझी साइट प्रत्येक माणसासाठी पान नव्याने तयार करत होती. तीच पानं एकदा तयार करून ठेवली की सर्व्हरने ती नुसती उचलून द्यायची. याला कॅशिंग म्हणतात. पण त्यासाठी मला साइटच्या आत शिरायला हवं होतं, आणि दारात चारशे जण धक्के मारत होते.

"सर, लोकांना मोबाइल खिशात ठेवायला सांगा. पंधरा मिनिटं."

"आणि पंधरा मिनिटं करायचं काय?" त्यांचा आवाज चढला. "पुस्तिका नको कोण म्हणालं होतं?"

मी लॅपटॉप पुढे ओढला. तेवढ्यात प्रतिभाने त्यांच्या हातातला माइक घेतला.

"सगळ्यांना जयभीम. मोबाइल ठेवा. माझी माहिती मीच सांगते."

शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली, नाइट ड्यूटीचंही सांगितलं. "लग्नानंतर नोकरी सोडणार नाय. ज्याला चालत नसेल त्यानं आताच यष्टी पकडावी." हॉल हसला आणि मग गप्प बसून ऐकू लागला. मी घामाघूम होऊन एकेक सेटिंग बदलत होते.

चौदाव्या मिनिटाला साइट उठली. सरांनी त्रेचाळीस नंबर पुकारला, पान लगेच उघडलं. पण त्रेचाळीसच्या मुलानेही आधी माइकच मागितला. मग पुढच्या सगळ्यांनी.

निघताना प्रतिभा माझ्यापाशी आली. तिच्या वडिलांकडे तीन घरांचे फोन नंबर जमले होते. नेमकं काय बिघडलं, असं तिने विचारलं. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे आमच्या वॉर्डासारखंच," ती म्हणाली. "खाटा कितीही लावा, सिस्टर दोनच. तुमी प्लॅन घेताना नुसत्या खाटाच मोजल्या काय, ताई?"

आता कोणताही प्लॅन घेताना मी आधी सिस्टर मोजते.