मोबाइलमध्ये दुरुस्त झालेली पाळ

१८ मे. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कुरखेड्याजवळच्या एका गावात तलावाची पाळ एका बाजूने खचली आहे. पाळीखालीच सुमनबाईंची धानाची शेती. पाळ दुरुस्तीच्या त्यांच्या अर्जासाठी फोटो मी काढले आणि सवयीने सगळे ॲपमधून सरळ करून घेतले. ॲपने पाळीलाच क्षितिज समजून ती आडवी केली.

आज सुमनबाईंसोबत पाटबंधारे कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी फोटो पाहिला. "पाळ तर सरळ आहे की!" म्हणत अर्ज बाजूला टाकला. फोटोतलं पाणी मात्र कलत्या ताटातल्या वरणासारखं एका बाजूला चढलं होतं. ते त्यांना दिसलं नाही. जोडताना मलाही दिसलं नव्हतं.

बाहेर आल्यावर सुमनबाई म्हणाल्या, "काऊन बाई, आमची पाळ मोबाइलातच बांधून टाकली काय? आता बांधीत, धानात पाणी घुसलं त तुमचा मोबाइलच आडवा लावतो."

साहेबांची किळस आली. त्याहून जास्त माझ्या या नीटनेटकेपणाची. तुम्हीही फोटो असेच न बघता सरळ करता का?

उद्या: मूळ फोटो घेऊन पुन्हा कार्यालयात जाणे.