खाडीच्या सुताराची गॅलरी

गोटीरामकाका खाडीकाठच्या सारसोळ्याचे. होड्या बांधणारे सुतार. माझी त्यांची पहिली भेट भांडणाने झाली आणि चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

साल चौऱ्याऐंशी. बेलापूरच्या टेकडीवर खाडीकडे तोंड करून एक बंगला उभा होता, शंभर वर्षांपूर्वी एका मिठागरवाल्या पारशाने बांधलेला. राणीच्या राज्यातली सगळी हौस त्याने भागवून घेतली होती. टोकदार कमानी, बिडाचे नक्षीदार खांब, छपराच्या कडांना लाकडी झालर, जिन्याच्या खिडकीला लाल-निळ्या काचा आणि एका कोपऱ्यात काहीही कारण नसताना काढलेला मनोरा. मला विचाराल तर त्यातलं अर्धं नुसतं मिरवणं. पण दर्शनी बाजूची, पहिल्या मजल्यावरची गोल गॅलरी मात्र पाहत राहावी अशी होती. भिंतीतून निघून डौलात पुढे आलेली, आणि कठड्याखालच्या रुंद फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध वळलेल्या. कुठे कोन नाही, कुठे ठिगळ नाही.

बंगला सरकारच्या संरक्षित यादीत होता. आमचे मालक शिवरामशेठ मूळचे खाडीकाठच्याच गावचे. त्यांनी तो हॉटेलसाठी भाड्याने घेतला तेव्हा पुरातत्त्व खात्याने अट घातली: बाहेरून काहीही बदलायचं नाही, लाकडाच्या जागी लाकूड, लोखंडाच्या जागी लोखंड. मी मापं घेऊन नकाशे काढायचो. खात्याच्या नोंदीत त्या गॅलरीपुढे ‘इंग्लंडहून सुटे भाग आणून जोडलेली’ असं लिहिलं होतं. मीही डोळे झाकून नकाशावर तेच लिहिलं. एवढं देखणं काम आणखी कुठून येणार, असं मला वाटलं होतं.

गॅलरी कुजली होती. मुंबईहून आलेल्या दोन सुतारांनी तुकडे जोडून गोलाई करून पाहिली, पण ते गोल काही दिसेना. शेवटी शिवरामशेठ म्हणाले, “आपला गोटीराम वाकवंल.”

मी म्हणालो, “होडीवाल्याला बंगल्यातलं काय कळणार?”

काका मागेच उभे होते. साठीला टेकलेले, काटक, खांद्यावर हत्यारांची पिशवी. म्हणाले, “सायेब, तुमी पेन्शिल वाकवा, मी फली वाकवतो. बगू कोनाची पयली मोडते.”

मला राग आला. तो लगेच गेलाही नाही, माझा स्वभावच तसा आहे.

त्यांची कहाणी मला पुढे त्यांच्या बायकोकडून, मालतीबाईंकडून कळली. एकोणिसाव्या वर्षी काकांनी पहिली होडी एकट्याने उतरवली होती. पुढे सत्तरनंतर नवं शहर आलं, शेतं गेली, खाडीत भराव पडला, होडी बांधून घेणारे कमी झाले. एकोणऐंशी साली शेवटची होडी झाली आणि मग काका शाळेचे बाक नि संडासाची दारं करत बसले. गॅलरीचं काम आलं त्या दिवशी त्यांनी पाच वर्षांनी होडीच्या हत्यारांना तेल लावलं. मालतीबाई म्हणाल्या, “ह्ये काम बिगारलं तर ह्ये परत हत्यार हातात घ्याचे नाय. मना ठावं हाय.”

काम सुरू झालं. काकांनी कुजलेल्या फळ्या एकेक करून उतरवल्या. उतरवताना ते एकदम थांबले, फटीत नख घातलं आणि मला हाक मारली. “किसनराव, ह्ये काम सायबाचं नाय. आमच्यातल्या कोनाचं तरी हाय.” मी हसलो. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात मला तीन दिवस गावी जावं लागलं. परत आलो तर गॅलरी बसली होती. सागाच्या लांब फळ्या आगीवर शेकत, पाणी मारत, दोरांनी आवळत त्यांनी त्या हव्या तशा वळवल्या होत्या. एका ठिकाणीही तडा नव्हता. मी खालून पाहिलं आणि माझ्या नकाशातली गोलाई मला त्यापुढे ओबडधोबड वाटली. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटला.

मग माझं लक्ष अंगणातल्या राखेकडे गेलं. खात्याने जुन्या फळ्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे टाकले होते. त्या जपून ठेवायच्या होत्या. त्यातली एकही दिसेना.

“काका, जुनं लाकूड?”

“जाललं ना,” ते समाधानाने म्हणाले. “जुन्या होडीच्या जालावरच नवी फली शेकायची. बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. मंग नवी पान्याला भीत नाय.”

मी कपाळाला हात लावला. त्यांनी त्या लाकडाचा मान राखला होता आणि सरकारी ठेवा चुलीत घातला होता, दोन्ही एकाच वेळी. आणि त्यांना तसं सांगायला मी जाग्यावर नव्हतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी खात्याच्या अधिकारी सुमित्राबाई पाहणीला आल्या. गॅलरी पाहून खूश झाल्या, पण जुन्या फळ्या मागितल्या. काकांनी सरळ राखेकडे बोट दाखवलं. बाईंचा चेहरा उतरला. आम्हाला घेऊन त्या वर गॅलरीत गेल्या. चाकू काढून नव्या फळ्यांच्या फटीत घातला, तर होडीत पाणी शिरू नये म्हणून भरतात तसा राळेत भिजवलेला कापूस बाहेर आला.

“हे काय? होडी बांधलीत की काय?”

“व्हय.”

“मूळ काम इंग्लंडचं आहे. हे बघा, नकाशातही लिहिलंय.” त्यांनी माझाच नकाशा उघडून दाखवला. “तुम्ही पद्धतच बदललीत, वर पुरावाही जाळलात. हे सगळं उतरवावं लागेल आणि या माणसाला कामावर ठेवता येणार नाही.”

शिवरामशेठ माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. काका पुढे झाले. मग म्हणाले, “मोडायची तर मोडा, बाई. पन पद्धत माजी नाय. ज्यानी पयल्यानं बांधली त्याचीच हाय. मी कापूस बगितला, म्हनून कापूस घातला.”

“ते आता कसं सिद्ध करणार?”

“भिंतीत गेलेली टोकं चांगली व्हती. ती नाय काढली. त्यांनाच तिरका सांदा करून नवी फली जोडली. चांगलं लाकूड कोन फेकतं?”

मला आठवलं, नकाशात मी तिथे सरळ रेघ मारून मोकळा झालो होतो. भिंतीत वाकून पाहायचे कष्टही घेतले नव्हते.

आम्ही भिंतीकडे सरकलो. भिंतीलगतचा पत्रा वर केला तर जुन्या दोन फळ्यांची हातभर टोकं तशीच होती. मी काकांच्या हाती पटाशी द्यायला गेलो, तर त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. “मी लावला हात, तर बोलतील यानंच भरला. बाईंना काढू द्या.”

सुमित्राबाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी रंग खरवडला. एकाखाली एक, सात थर निघाले, कुठेही न फाटलेले. शेवटच्या थराखाली दोन फळ्यांची फट लागली. चाकूच्या टोकाने त्यांनी ती उकरली आणि काळा पडलेला, राळेने दगड झालेला कापूस त्यांच्या तळहातावर आला. शेजारी एक चौकोनी खिळा होता, होडीत वळवतात तसा टोक वळवून पुन्हा लाकडात बसवलेला.

“आमची नोंद चुकीची आहे,” त्या म्हणाल्या. असं म्हणणारे सरकारी अधिकारी मी आयुष्यात फार पाहिले नाहीत.

“नकाशाही,” मी म्हणालो. तेवढं तरी मला जमलं.

मग त्या काकांकडे वळल्या. “लाकूड जाळलंत ते मला लिहावंच लागेल. ते माफ नाही. पण गॅलरी राहील.”

काकांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काहीही प्रयत्न केला नाही. मी मात्र रडलो नाही. मी शिवरामशेठना इतका कडकडून भेटलो की त्यांची टोपी खाली पडली.

बाईंनी वही उघडली. “पूर्ण नाव सांगा. दुरुस्ती कोणी केली ते घालते.”

काकांनी विचारलं, “पयल्याचं नाव हाय का तुमच्या वहीत?”

“नाही. ते कुणालाच माहीत नाही.”

“मंग माजं येकट्याचं नको. दोगांचं मिलून लिवा. खाडीच्या सुतारांनी बांधली, आनि मोडली तवा खाडीच्या सुतारांनीच परत बांधली.”

सुमित्राबाईंनी एकही शब्द न बदलता तसंच लिहिलं आणि खाली सही केली.