कडुनिंबाच्या ढोलीतलं पोळं
मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा, वास आला की सत्तरच्या दशकातली आमच्या नागपूरच्या कॉलनीची बाग आठवते. समोरच्या निवृत्त शिक्षिकेनं, आमच्या बाईंनी, शेजाऱ्यांना जमवून कचऱ्याच्या जागेवर तुळस, मोहरी, कोथिंबीर लावली होती. गावठी मधमाश्या परत याव्यात म्हणून सगळं मुद्दाम फुलू दिलं होतं. तिसऱ्या वर्षी तिथल्या कडुनिंबाच्या ढोलीत पोळं बसलं. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. एका दुपारी कुणी नाही असं पाहून मी मधासाठी ढोलीत काठी खुपसली आणि माश्यांनी माझं तोंड सुजवलं. लोक धावत आले तेव्हा मी म्हणालो, "मी नुसता जात होतो." माणसं लगेच तेलात भिजवलेल्या चिंध्या घेऊन निघाली. बाई आडव्या आल्या. "काहून जाळून राहिले गा? मले एक दिवस द्या, पोळं हलवू." मग माझ्याकडे वळल्या, "खरं सांग गा, तू काही केलं होतं?" "नाही, बाई," मी म्हणालो. कुणीतरी काडेपेटी माझ्याच हातात दिली आणि मी काडी ओढून पोळं पेटवलं. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या सुजलेल्या डोळ्यासाठी कोरफड घेऊन आल्या. मी ती लावून घेतली. आता माझं वय त्यांच्याएवढं झालं आहे, आणि हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.