मुठीतला हरभरा

नातीनं मुठीत आवळलेल्या मेणखडूच्या वासानं बाळापूरची हमीदाचाची आठवली. निजामाच्या काळात, पोळा जवळ आला की ती मातीचे बैल रंगवायची. मी सहा वर्षांची, पण पाटीवरची लेखणी काही बोटांत ठरायची नाही. चाचीला रंगवू लागायला गेले, तर कुंचलाही मी मुठीतच आवळायचे. चाचीनं माझ्या शेवटच्या दोन बोटांखाली हरभरा दाबला आणि कुंचला उरलेल्या तीन बोटांत दिला.

"हा पडला की रंग बंद. बराबर?"

कितीदा पडला, कितीदा मी रडले! पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र बैलाचा डोळा काढला. काळाभोर, टपोरा, कुठंच न फिसकटलेला. आणि हरभरा मुठीतच!

"डोळा बसला. आता अक्षर कुटं जातंय, लेकरू!" चाची हसली.

मी तर समजत होते, चाचीच्या मदतीला जाते!

उठले, डब्यातून हरभरा काढला आणि नातीला म्हटलं, "मूठ उघड."